वाटी की वजनकाटा? पसरलेल्या नानखटाईच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मुलुंडला राहता, आई साताऱ्याला. आईने फोनवर सांगितलेल्या प्रमाणाने तुम्ही नानखटाई करता: दोन कप मैदा, पाऊण कप तूप, एक कप पिठीसाखर. एकदा ती फुगून वर छान तडे गेले, पुढच्या वेळी ट्रेमध्ये पसरून चपटी झाली. माप तेच, कप तोच. यंदा दिवाळीला ओळखीच्यांकडून फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत, म्हणून काळजी वाढली आहे. मुलगी म्हणते वजनकाटा घे. सासूबाई म्हणतात, आमचा जन्म वाटीवर गेला, काही बिघडलं नाही. तर काटा घ्यावा का, आणि घेतला तर सगळंच वजनाने करायचं का?

सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या स्वयंपाकापुरतं खरं आहे आणि मुलीचं तुमच्या नानखटाईपुरतं. काटा घ्या. पण सगळं त्यावर मोजत बसू नका. मी पार्ल्यात फराळाच्या ऑर्डरी घेते आणि बेकिंगचे लहान वर्ग चालवते, त्यामुळे रोज दोन्ही तऱ्हेने मोजते. कुठे काय वापरते आणि का, ते नीट सांगते.

आधी तुमचं 'माप तेच' हे वाक्य तपासू. कप तोच होता, पण कपात आलेला मैदा तेवढाच होता का? माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला एकाच डब्यातून, एकाच २४० मिलिच्या कपाने एक कप मैदा काढायला सांगते आणि तो काट्यावर ठेवते. जिने मैदा चाळून चमच्याने हलकेच कपात सोडला, तिचा ११५ ग्रॅमच्या आसपास भरतो. जिने कप थेट डब्यात खुपसून बाहेर काढला, तिचा १५० पर्यंत जातो. कप ओट्यावर दोनदा आपटून 'जागा झाली' म्हणून वर आणखी भरला, तर त्याहून जास्त. कोणीही चुकीचं वागलेलं नसतं. सगळ्यांनी 'एक कप सपाट' घेतलेला असतो. पिठाच्या कणांमध्ये हवा असते, आणि ती किती राहील हे चाळणीवर, डब्यात पीठ किती दिवस दबून बसलंय यावर आणि हाताच्या जोरावर ठरतं.

आता हे तुमच्या प्रमाणात घालून पाहू. पाऊण कप पातळ तूप म्हणजे साधारण १६३ ग्रॅम. मैदा चाळून घेतलेला असेल तर दोन कपांचा २३० ग्रॅम होतो. म्हणजे १०० ग्रॅम मैद्याला ७१ ग्रॅम तूप. तोच मैदा डब्यातून खुपसून काढला तर दोन कपांचा ३०० ग्रॅम होतो, आणि १०० ग्रॅमला ५४ ग्रॅम तूप पडतं. ५४ ला नानखटाई आकार धरून ठेवते, ७१ ला ती पसरणारच. कागदावर दोन्ही वेळा 'दोन कप मैदा, पाऊण कप तूप' असंच लिहिलेलं असतं.

शिवाय तुपाचा मुद्दा आहे, आणि मला वाटतं तुमच्या बाबतीत तोच मोठा आहे. साताऱ्याला थंडीत तूप घट्ट, रवाळ असतं. आई ते चमच्याने काढून कपात टाकत असणार. घट्ट तुपाच्या गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे पाऊण कप दिसतो पण वजनाने १४० ग्रॅमच्या आसपासच असतो. मुंबईत वर्षातले बरेच महिने तूप सैलसर किंवा पार पातळ असतं आणि कपात एकही पोकळी न सोडता बसतं. म्हणजे आईने सांगितलेलं माप तुम्ही तंतोतंत पाळलंत आणि तरी तिच्यापेक्षा २०-२५ ग्रॅम तूप जास्त घातलंत. हे तुमच्या स्वयंपाकघरात न येता सांगते आहे, त्यामुळे अंदाजच आहे. पण पुढच्या वेळी तूप वजनाने घ्या, लगेच कळेल.

मग सासूबाईंचं कधी बिघडलं कसं नाही? याचं उत्तर महत्त्वाचं आहे, कारण काटा हाती आला की वाटी अडाणीपणाची वाटू लागते, आणि ते खरं नाही.

आपल्या घरातली वाटी बहुतेक वेळा प्रमाण सांगते. सात कपांची वडी घ्या: एक कप बेसन, एक कप ओलं खोबरं, एक कप दूध, एक कप तूप, तीन कप साखर. तुमचा कप १५० मिलिचा असो की २५० चा, वडी होतेच, कारण सगळे जिन्नस त्याच एका कपाने मोजलेले असतात. वरणाला, भाताला, शिऱ्याला हेच लागू आहे. शिवाय सासूबाईंची वाटी एकच, डबा एकच, भरणारा हातही एकच. तो हात दर वेळी जवळपास तेवढंच उचलतो. आणि पुढे चूल आहेच. पाकाला तार आली का, बेसनाला वास सुटला का, हे डोळ्याने आणि नाकाने पाहून त्या आपोआप दुरुस्ती करत असतात. वाटीत पडलेला फरक कढईत भरून निघतो.

नानखटाईला ही सोय नाही. ट्रे एकदा ओव्हनमध्ये गेला की तुम्हाला काहीही करता येत नाही. केक, पाव, बिस्किटं, मावा केक, सगळ्यांचं तसंच. म्हणून माझा पहिला नियम: आच लावल्यावर ज्यात हात घालता येत नाही, ते वजनाने.

वाटीचं प्रमाण आणखी एका ठिकाणी मोडतं. एखादा जिन्नस वाटीत मावणारा नसेल आणि नगावर मोजला जात असेल, तर वाटीचा आकार अचानक महत्त्वाचा होतो. 'दीड कप मैदा, तीन अंडी' यात अंडं तुमच्या कपाबरोबर लहान-मोठं होत नाही. यीस्टची पुडी, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, एक नारळ, हे सगळे तसेच. त्यात कपही एकच नाही. अमेरिकन पाककृतीतला कप साधारण २४० मिलिचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २०० चा. भाताच्या इलेक्ट्रिक कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो तो बहुधा १८० चा असतो, आणि पुष्कळ घरांत तोच 'मेजरिंग कप' म्हणून वापरला जातो. मोठा चमचा (टेबलस्पून) सगळीकडे १५ मिलिचा, पण ऑस्ट्रेलियात २० चा. व्हिडिओ पाहून करताना बाई कुठल्या देशातून बोलतेय हे आधी बघत जा.

आता कुठले जिन्नस वाटीत प्रामाणिक राहतात ते पाहू. हे एकदा लक्षात आलं की निम्मा गोंधळ संपतो.

पाणी, दूध, ताक, तेल हे पातळ पदार्थ वाटीने बिनधास्त मोजा. पोकळी राहायला जागाच नाही. फक्त वजन आणि आकारमान एकच समजू नका. तेलाची एक लिटरची पिशवी हातात घेऊन पाहा, त्यावर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. मध उलट जड, २४० मिलिच्या कपात ३४० ग्रॅमच्या आसपास. दूध जवळजवळ पाण्याइतकंच, किंचित जड.

अख्खं धान्य आणि डाळीसुद्धा वाटीत शहाण्यासारख्या वागतात. दाणा कडक असतो, दाबला तरी दबत नाही. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, तूर डाळ, २४० मिलिच्या कपात सगळ्यांचं वजन १९० ते २०० ग्रॅमच्या जवळपास. म्हणूनच चकलीची भाजणी कोणी वाटीने सांगितली किंवा किलोने, फारसा फरक पडत नाही. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ हे वजनानेही चारास दोनास एकच होतं. पण भाजणीत पोहे घालत असाल तर तिथे थांबा. पोहे हलके, वाटीत निम्म्याहूनही कमी वजन भरतं. 'एक वाटी पोहे' याच्या जागी एका डाळीइतकं वजन घातलंत तर चकली बिघडेल. आणि तीच डाळ गिरणीतून दळून आणली की वाटीचा हिशेब संपला. वजन तेवढंच, पण पीठ कितीतरी जास्त वाट्या भरतं.

साखर, रवा, मीठ, साबुदाणा हे मधल्या गटातले. सपाट केलं तर ठीक. साखरेचा कप २०० ग्रॅम, रव्याचा १६५-१७० च्या आसपास.

पिठं सगळ्यांत बेभरवशाची. मैदा आपण पाहिला. बेसन त्याहून वाईट, कारण त्याच्या गुठळ्या होतात. चाळल्यावर कपात ९० ग्रॅम भरतं, दाबून १२०. पिठीसाखर, मिल्क पावडर, कोको यांचंही तसंच. मुंबईच्या पावसाळ्यात पिठं हवेतली ओल धरतात, डब्यात चिकटून बसतात, आणि जुलैतली एक वाटी आणि जानेवारीतली एक वाटी यांत फरक पडतो. ओलीमुळे वजनही किंचित वाढतं हे खरं, पण वाटीत पीठ कसं बसतं यातला फरक त्याहून बराच मोठा असतो.

आणि किसलेलं, चिरलेलं, खवलेलं: गूळ, ओलं खोबरं, काजूचे तुकडे. यांना वाटी लावूच नये. 'एक वाटी चिरलेला गूळ' म्हणजे सुरीने जाड चिरला की किसणीवर किसला, दाबला की सोडला, यावर दीडपट फरक पडतो. संक्रांतीला तिळाचे लाडू कडक झाले, वळलेच नाहीत, अशा तक्रारी दरवर्षी येतात. त्यातल्या पुष्कळ गुळाच्या मापावर येऊन थांबतात. मी अर्धा किलो तिळाला अर्धा किलो चिक्कीचा गूळ घेते, वजन करून, न चिरता. ढेपेचा तुकडा काट्यावर ठेवायचा, जास्त असेल तर तोडायचा. नारळही तसाच. एका नारळाचा खव दोनशे ग्रॅम निघतो, दुसऱ्याचा तीनशेच्या वर. वड्यांना साखर घालायची तर खवाचं वजन पाहूनच.

आतापर्यंतचं थोडक्यात: पातळ पदार्थ आणि अख्खे दाणे वाटीने चालतील. पिठं, तूप, गूळ, खोबरं वजनाने. ओव्हनमध्ये जाणारं सगळंच वजनाने.

यानंतर एक धोका आहे आणि तो मला ठळक सांगायचाय, कारण नवीन काटा घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकीकडून हे होतं. वाटीचं प्रमाण तसंच्या तसं ग्रॅममध्ये उतरवू नका. उकडीच्या मोदकांना 'एक वाटी पिठी, एक वाटी पाणी' सांगतात. ते वाचून कोणी १०० ग्रॅम पिठीला १०० ग्रॅम पाणी घेतलं तर उकड कोरडी पडते, पाकळ्या फाटतात. २४० मिलिच्या कपात तांदळाची पिठी १५०-१६० ग्रॅम भरते आणि पाणी २४०. म्हणजे वजनाने हिशेब १०० ला १५०-१६०. पिठी जुन्या तांदळाची की नव्या, आंबेमोहोराची की बासमतीची, घरी केलेली की विकतची, यावर त्यातही थोडं मागेपुढे होतं. शिऱ्याचंही तेच. एक वाटी रवा आणि एक वाटी साखर म्हणजे १६५ ग्रॅमला २०० ग्रॅम. दोन्ही सारख्या वजनाने घेतलं तर प्रसादाचा शिरा अगोड लागेल. वाटीवरून वजनावर यायचं तर प्रत्येक जिन्नस एकदा वाटीत भरून काट्यावर ठेवावा लागतो. याला जवळची वाट नाही.

ते करायचं कसं? आधी तुमची वाटी किती मिलिची आहे ते शोधा. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, काठोकाठ पाणी भरा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलि तुमची वाटी. मुंबईच्या उकाड्यातल्या पाण्यानेही यात एका टक्क्याचाही फरक पडत नाही. घरात सगळ्या वाट्या सारख्या दिसतात, पण मी मोजलेल्या स्टीलच्या वाट्या १४० पासून २१० मिलिपर्यंत निघाल्या आहेत. विकत आणलेला कपांचा संचही याच पद्धतीने तपासा. बाजारात २४० चे आणि २५० चे, दोन्ही मिळतात.

मग आईचं माप. तुम्ही साताऱ्याला जाल किंवा आई मुंबईला येईल तेव्हा काटा ओट्यावर मांडा. आईला 'वजन करून घाल' असं अजिबात सांगू नका. वजन करायला लागली की तिचा हात बदलतो. तिने घेण्याआधी मैद्याचा अख्खा डबा काट्यावर ठेवून आकडा लिहा. तिला तिच्या पद्धतीने, तिच्या वाटीने किंवा मुठीने घेऊ द्या. नंतर डबा पुन्हा ठेवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तिने घेतलेला मैदा. तुपाच्या बरणीचं तेच, साखरेचं तेच. मळून झालं की सगळ्या गोळ्याचंही वजन करा, म्हणजे मधे काही राहिलं असेल तर लक्षात येईल. माझ्याकडच्या कित्येक जुन्या पाककृती मी अशाच उतरवून घेतल्या आहेत. हे काम आई-सासूबाई आपल्यासमोर करत्या आहेत तोवर करून ठेवा. 'अंदाजाने', 'बेताचं', 'मावेल तेवढं' हे त्यांच्या हातातलं ज्ञान आहे आणि ते लिहिलं नाही तर उरत नाही. मला या कामाचं फार मोल वाटतं, म्हणून एवढं आग्रहाने सांगते.

तुम्ही आजीच्या वहीचाही उल्लेख केला आहे. वही १९६० च्या आधीची असेल तर त्यातला पावशेर आजचा पाव किलो नाही. मंडईत आपण आजही 'पावशेर मिरची' म्हणतो तेव्हा २५० ग्रॅमच मिळते. पण आपल्याकडे किलो-ग्रॅम १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आले. त्याआधीचा वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि पावशेर सुमारे २३३ ग्रॅम. तोळा ११.६६ ग्रॅम, छटाक पाच तोळ्यांचा, म्हणजे ५८ ग्रॅम. धान्याच्या बाबतीत आणखी जपून. शेर, पायली, चिपटं ही मापाचीही, म्हणजे भरून मोजायच्या भांड्यांचीही, नावं होती आणि गावागणिक बदलत. शिगेचं की सपाट, हाही प्रश्न होताच. वहीत तुपापुढे शेर असेल तर बहुधा वजन, तांदळापुढे असेल तर बहुधा माप, असं धरून थोड्या प्रमाणात करून पाहा.

आता काटा जिथे हरतो ते. घरगुती काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो, आणि तीन-चार ग्रॅमच्या खाली त्यावर भरवसा ठेवू नये. वेलची पूड, सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट थोडं असेल तर सरळ मापाचे चमचे वापरा, सुरीच्या पाठीने सपाट करून. एक लहान चमचा (टीस्पून) बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. जाड मीठ त्याच चमच्यात कमी बसतं, तेवढं ध्यानात असू द्या. ऑर्डरी वाढल्या की दागिने तोलायच्या काट्यासारखा दशांश दाखवणारा छोटा काटा घेता येईल. आत्ताच गरज नाही.

कणकेचं पाणीही मी मोजत नाही. गहू लोकवन की सिहोर, नवा की जुना, गिरणीतून आणलेलं पीठ की पिशवीतलं, बाहेर पाऊस की ऊन, सगळ्यावर पाणी बदलतं. पीठ वजनाने घ्यावं, पाणी हाताने. पावाच्या पिठाला मी १०० ग्रॅम मैद्याला ६५ पासून सुरुवात करते आणि पुढचं पिठाला विचारून. आमटी, उसळ, कोशिंबीर, फोडणी यांना काटा लावणारं कोणी भेटलं तर मी त्यांना प्रेमाने थांबवते. तिथे चव घेत घेत जायचं असतं, आणि ती सवय मोडू देऊ नये.

ऑर्डरींचा भाग राहिला. तिथे मात्र वजनाशिवाय पर्याय नाही, आणि कारण फक्त चव नाही. बेसन, तूप, साखर तुम्ही किलोने आणता, फराळ किलोने विकता. मधेच वाटी आली तर एका किलो लाडवांना किती खर्च आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. माझं बेसन लाडवाचं प्रमाण सांगते: लाडवाचं जाडसर बेसन ५०० ग्रॅम, तूप २७५, पिठीसाखर ३७५. भाजताना थोडी ओल उडून जाते, म्हणून शेवटी तयार मिश्रणाचं वजन पुन्हा करते आणि त्यावरून भाव काढते. लाडू ३० ग्रॅमचा वळते, म्हणजे किलोत तेहतीस बसतात. पहिले पाच-सहा काट्यावर पाहून वळले की हाताला अंदाज येतो. बेसन बारीक असेल तर तूप थोडं जास्त लागेल. ते घालताना हाताने घाला, पण किती घातलं ते लिहून ठेवा.

प्रमाण वाढवतानाही काटा वाचवतो. वाटीतला पाच टक्क्यांचा फरक दोन वाट्यांत जाणवत नाही. वीस वाट्या मोजताना मधेच कोणी हाक मारली, बारावी की तेरावी हे विसरलं, तर सगळा घाणाच बिघडतो. पातेलं काट्यावर, शून्य, २ किलो बेसन, झालं. भांडीही कमी पडतात धुवायला. मैदा ओतला, शून्य, त्यातच साखर, पुन्हा शून्य, त्यातच तूप. मुंबईच्या लहान ओट्यावर हा फायदा काही कमी नाही.

काटा कुठला? पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅम दाखवणारा, साधा सपाट. हजार रुपयांच्या आत चांगला मिळतो. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात बेकिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत हातात धरून पाहता येतो. आकड्यांची पट्टी पुढे असलेला घ्या, नाहीतर मोठी परात ठेवली की आकडा झाकतो. सेल कुठले लागतात ते विचारा. नेहमीचे पेन्सिल सेल लागणारा असेल तर बरं, दिवाळीच्या आदल्या रात्री बटणाचा सेल शोधत फिरावं लागत नाही.

वापरताना काही गोष्टी. काटा कडप्प्यावर सपाट ठेवा, खाली फडका नको. पंखा बंद करा. हलका काटा पंख्याच्या वाऱ्याने दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होतो आणि आपल्याला वाटतं काटा बिघडला. गरम कढई थेट ठेवू नका, मधे लाकडी पाट ठेवून मग शून्य करा. शेवटचे थोडे ग्रॅम अगदी चिमटी-चिमटीने टाकलेत तर काही काटे ते दाखवतच नाहीत, कारण ते इतका सावकाश बदल आपोआप शून्यात जिरवतात. अशा वेळी भांडं उचलून पुन्हा ठेवा, खरा आकडा येईल. वर्षातून एक-दोनदा तपासणीही करा. घरातला एखादा जड तांब्या वाण्याकडे न्या, त्याच्या काट्यावर तोलून घ्या आणि घरी येऊन ताडून पाहा. दुकानातल्या काट्याची वैध मापन विभागाकडून पडताळणी करून घेणं आणि त्यावर मोहोर असणं बंधनकारक असतं, म्हणून तो आधाराला बरा.

आता तुमच्या नानखटाईकडे. पुढच्या वेळी हे घेऊन पाहा: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५०, तूप १५०, पिठीसाखर १२५, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा सपाट, वेलची पूड, चिमूटभर मीठ. तूप पातळ नको. मुंबईत ते वजन करून झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवून लोण्यासारखं होऊ द्या, मग साखरेबरोबर फेसा. पीठ घालून फार मळू नका, नुसतं गोळा होईपर्यंत. २० ग्रॅमचे गोळे करा, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, आणि ओव्हन १६० अंशांना आधी तापवून मग ट्रे आत.

ट्रेमध्ये आधी फक्त चार गोळे ठेवून भाजा. पसरले तर उरलेल्या पिठात १५-२० ग्रॅम मैदा वजन करून मिसळा आणि पुन्हा चार भाजा. फुटून भुगा होत असतील तर एक लहान चमचा तूप. तुमच्या मैद्याला आणि तुमच्या तुपाला कुठला आकडा मानवतो तो असा दोन-तीन खेपांत सापडेल, तो वहीत लिहा. वजन बरोबर असूनही पसरत असेल तर मग माप सोडून ओव्हनकडे पाहू. पुष्कळ घरगुती ओव्हन डायलवर १६० दाखवतात आणि आत असतं वेगळंच. तेव्हा तुपाचा आणि मैद्याचा आकडा, ओव्हन छोटा ओटीजी आहे की मायक्रोवेव्हमधलं कन्व्हेक्शन, आणि नानखटाई पहिल्या पाच मिनिटांत पसरली की शेवटी, एवढं मला कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.